मारव्याची नोंद

सकाळी सहा वाजता मारवा ऐकला, म्हणून त्या माणसाचं ऐकणं जमेसच धरायचं नाही, हे मला अजून पटलेलं नाही. गोष्ट होऊन वर्ष होत आलं. आबांशी माझं बोलणंचालणं पूर्वीसारखंच आहे. तरी ती वही समोर आली की डोकं पुन्हा तापतं.

आमचं काही मंडळ वगैरे नाही. धुळ्याला देवपुरात आबांच्या घरी रविवारी संध्याकाळी आम्ही काही जण जमतो. कुणी निवृत्त मास्तर, कुणी औषधाच्या दुकानातले, मी बँकेतली. गाणारं कुणी नाही, सगळे ऐकणारे. आठवड्यात ज्यानं जे ऐकलं ते सांगायचं, त्यातलं थोडं सगळ्यांना ऐकवायचं, मग चहा. जळगावला जानेवारीत बालगंधर्व महोत्सव होतो त्याला जातो, एरवी आमचं गाणं म्हणजे जुनी ध्वनिमुद्रणं. आबा सगळं एका लांबट वहीत उतरवून ठेवतात. तारीख, नाव, राग, कलाकार आणि शेवटचा रकाना ‘वेळ’. पट्टीनं आखलेले रकाने, शाईचं पेन, मोत्यासारखं अक्षर. त्या वहीत आपली ओळ असणं याला आमच्यात मान आहे.

तो मुलगा औषधवाल्या भाऊंच्या ओळखीनं आला. आग्रा रोडवर नगावबारीकडच्या एका पेट्रोलपंपावर रात्रपाळीला होता. गावी कोरडवाहू शेती, शिक्षण अर्धवट, नेहमीचंच. मोबाइलवर भजन शोधता शोधता त्याला कुमार गंधर्व सापडले आणि कुमारजींवरून अमीर खाँसाहेब. मला याचं फार अप्रूप वाटलं, कारण दोघंही त्याच्याच रस्त्यावरचे. पंपावरून उत्तरेला निघालेला ट्रक सेंधव्यावरून इंदूरला जातो, ते अमीर खाँसाहेबांचं गाव. तिथून पुढे देवास, जिथे कुमारजी १९४८ मध्ये आले आणि अखेरपर्यंत राहिले. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हंजे गाड्या रोज तठेच जातस ना, ताई!”

पहिले काही रविवार तो नुसता ऐकत बसला. मग एकदा त्याची पाळी आली. त्यानं अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐकला होता. सांगितलं काय, तर असं: “सा लवकर येतच नाही. येईल येईल वाटतं आणि ते भलतीकडेच थांबतात. पंपावर पाळी सुटताना नोझलचं रीडिंग आणि गल्ला जुळत नाही तोवर जीव असाच टांगलेला राहतो.” मी इतकी वर्षं मारवा ऐकते. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य, रिषभ-धैवतावरचा मुक्काम, षड्जाला दिलेली हुलकावणी, हे सगळं मला पाठ आहे. पण त्या रागाच्या पोटातली बेचैनी इतक्या नेमकेपणानं आमच्या बैठकीत कुणीच सांगितली नव्हती.

आबांनी विचारलं, “केव्हा ऐकलास?”

“सकाळी सहाला, पाळी सुटल्यावर.”

आबांनी पेनाला टोपण लावलं. मारवा दिवेलागणीचा राग, सकाळी ऐकला तर तो ऐकला असं म्हणता येत नाही, पहाटे ललत ऐक, असं म्हणाले आणि वही पुढच्या माणसाकडे वळवली. तो मुलगा हळूच म्हणाला, “आबा, मनी सांज सकायलेच व्हस.” त्यावर कुणी काही बोललं नाही. मी बोलले, पण मला “तुम्ही त्याला लाडावू नका” असं ऐकावं लागलं. तारीख आणि त्याचं नाव आधीच लिहिलं गेलं होतं. पुढचे तीन रकाने आजही कोरे आहेत.

रात्रभर उभं राहून काम करणाऱ्याचा दिवस सकाळी मावळतो, यात न कळण्यासारखं काय आहे? आणि नियमच म्हटला तर आपण तो कुठे पाळतो? भैरवी सकाळची, पण मैफल रात्री संपो की दुपारी, शेवट भैरवीनंच होतो. आबांच्याच वहीत रात्रीच्या भैरव्या किती तरी आहेत. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, तिथे कुठली सकाळ आणि कुठली संध्याकाळ? ज्या तबकडीवर हा मारवा आहे, तिच्या दुसऱ्या बाजूला दरबारी आहे. मारवा संपल्यावर तबकडी उलटायला मध्यरात्रीपर्यंत थांबलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. मारव्याचेच सहा स्वर सोहनीत रात्रीच्या शेवटच्या प्रहरी गायले जातात. स्वर तेच, चलन आणि भर वेगळा.

उलट, वेळेचं म्हणाल तर रात्रीचे राग आता प्रत्यक्ष ऐकायचे कुठे? २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनंतर खुल्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून मोजके दिवस सवलत मिळते, तीही बारापर्यंत. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एके काळी उजाडेपर्यंत चालायचा, आता तसा चालत नाही. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, आजारी माणूस घरात असलं की डीजेचा त्रास काय असतो ते मला माहीत आहे. पण आमच्या सगळ्या बैठकीत रात्री दोनला जागेपणी दरबारी ऐकणारा तोच एकटा होता. त्याच्याकडून आम्ही विचारून घ्यायला हवं होतं की त्या वेळी तो कोमल गंधार कसा लागतो.

एवढं सगळं बोलून झाल्यावर खरं सांगायचं तर मी स्वतः सकाळी मारवा ऐकू शकत नाही. त्या भांडणानंतर मुद्दाम लावून पाहिला. अंगणात ऊन आलेलं, दूधवाला हाका मारतोय, आणि तो रिषभ ऐकून घशाशी काही तरी अडकल्यासारखं झालं. बंद केला. भातखंड्यांनी रागसमयाची एवढी बारकाईनं मांडणी केली त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे, हे त्या सकाळी मला अंगानं कळलं. म्हणजे आबांचं म्हणणं खोटं नाही. तरी त्यांनी केलं ते मला मान्य नाही, आणि ही दोन्ही मतं मी सोडायला तयार नाही.

नव्यानं ऐकणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की मारवा ऐकायचा तर आधी पूरिया ऐका, मग मारवा. पूरियात गंधार-निषादाचा निवारा आहे. मारव्यात तो काढून घेतल्यावर काय होतं ते लगेच कळतं. आणि पहिल्यांदा ऐकताना मध्ये थांबवू नका. झुमऱ्याची चौदा मात्रांची संथ आवर्तनं अंगात उतरायला वेळ लागतो.

तो मुलगा नंतर आला नाही. मी पेट्रोल भरायला त्याच पंपावर जाते. भेटला की काय ऐकलं ते सांगतो, गर्दी असली तरी दोन वाक्यं सांगतोच. सध्या मल्लिकार्जुन मन्सूर चालू आहेत. रविवारी ये म्हटलं की हसतो आणि गाडीत तेल टाकू लागतो.

गेल्या महिन्यात मी आबांना म्हटलं, तुम्ही स्वतः फोन करा, तो तुमचं ऐकेल. त्यांनी नाही म्हटलं नाही. त्याचा नंबर मी वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला आहे. फोन अजून झालेला नाही.