तुवालूचीं बेटें आणि आपली साष्टी

कल्याणचा दुर्गाडी किल्ला मागें टाकून खाडीवरील पूल ओलांडला, कीं भिवंडीच्या वाटेवर कोन गांव लागतें. उल्हास नदीच्या ह्या पात्रांत समुद्राची भरती चढते, आणि नदीचें गोडें पाणी व खाडीचें खारें पाणी एकमेकांत मिसळतें. हेंच पाणी पुढें ठाण्याजवळ दुभंगतें. मोठा ओघ घोडबंदरावरून वसईकडे जातो, अरुंद फाटा ठाण्याच्या खाडीस मिळतो, आणि या दोहोंच्या बेचक्यांत साष्टी बेट सांपडतें. रेल्वेनें रोज जाणाऱ्या शंभर माणसांस विचारावें, तर आपण बेटावर उतरतों हें त्यांतील पांचांसही आठवणार नाहीं! असो. अशा या खाडीकांठीं बसून एका दूरच्या द्वीपराष्ट्राची हकीकत सांगावयाची आहे. घरांतील मुलांनीं पृथ्वीचा गोल जवळ घ्यावा.

ऑस्ट्रेलिया व हवाई यांच्या साधारण मध्यावर, विषुववृत्ताच्या दक्षिणेस पांच ते दहा अंशांच्या दरम्यान तुवालू आहे. पूर्वीं यास एलिस बेटें म्हणत. १ ऑक्टोबर १९७८ रोजीं तें इंग्रजांच्या अमलांतून स्वतंत्र झालें. तुवालू म्हणजे ‘आठ एकत्र उभीं’. बेटें मात्र नऊ आहेत. निउलाकिता या नवव्या बेटावर जुन्या काळीं कायमची वस्ती नसल्यामुळें तें गणतींत धरलें नाहीं. साष्टी हें नांवही संख्येवरूनच आलेलें आहे : षट्‌षष्टि, म्हणजे सहासष्ट गांवांचें बेट. दोन महासागरांच्या कांठच्या लोकांस नांव ठेवतांना एकच युक्ति सुचावी, याची मौज वाटते.

नऊही बेटांची जमीन मिळून सुमारें २६ चौरस किलोमीटर, आणि माणसें दहा-अकरा हजार. त्यांतील अर्ध्याहून अधिक एकट्या फुनाफुटीवर राहतात, राजधानीही तीच. तेथें पर्वत नाहीं, नदी नाहीं. सर्व भूमि पोंवळ्याच्या किड्यांनीं रचलेली आहे, आणि तिची उंची कोठेंही पांच मीटर भरत नाहीं. अशीं कंकणाकृति बेटें बुडत जाणाऱ्या भूमीवर थरावर थर चढून बनतात, असें डार्विनचें मत होतें. त्याची परीक्षा घेण्यासाठीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८९६ ते १८९८ या काळांत फुनाफुटीवर भोंक पाडविलें. एक हजार फुटांहून खोल गेलें, तरी खालच्या ज्वालामुखीचा खडक लागला नाहीं. पोंवळ्याचा चुनखडीच लागत राहिला.

हवा बारा महिने दमट व उष्ण. हिंवाळा हा शब्द तेथें व्यर्थ होय. फुनाफुटीवर वर्षाला सुमारें ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या कोंकणापेक्षां कमी नव्हे; फरक इतकाच कीं तो चार महिन्यांत कोसळून संपत नाहीं. नोव्हेंबर ते एप्रिल जोर अधिक, पण इतर महिन्यांतही सरी येतातच. तरीसुद्धां तेथें पाण्याची चणचण आहे. सच्छिद्र भूमींतून पाऊस झिरपतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर होऊन तरंगतो. त्या थरापर्यंत खड्डे खणून लोक ‘पुलाका’ नांवाचा कंद लावतात. तो आपल्या अळवाचाच थोराड भाऊबंद. समुद्र चढूं लागल्यापासून कांहीं खड्ड्यांत खालून क्षार शिरतो आणि कंद कुजतो. पिण्यास पागोळ्यांचें पाणी टांक्यांत धरावें लागतें. २०११ सालीं पाऊस लांबला, तेव्हां सप्टेंबरांत आणीबाणी जाहीर करावी लागली. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया यांनीं पाण्यांतील क्षार काढण्याचीं यंत्रें पोंचविलीं.

२०२३ सालीं तुवालूनें ऑस्ट्रेलियाशीं करार केला. तो २०२४ पासून अमलांत आहे. त्यान्वयें दरवर्षीं २८० तुवालूवासीयांस ऑस्ट्रेलियांत जाऊन राहतां येतें. कराराचें नांव ‘फालेपिली’. या शब्दांत शेजाऱ्यास घरच्यासारखें जपण्याचा भाव आहे. आपण त्यास शेजारधर्म म्हणूं.

आतां आपल्या बेटाकडे वळूं. साष्टीस कान्हेरीचे डोंगर आहेत, त्यांवर अरण्य आहे. उंचीची उणीव नाहीं. तुवालूंत एका चौरस किलोमीटरांत सुमारें चारशें माणसें. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें मुंबई उपनगर जिल्ह्यांत वीस हजारांहून अधिक. विहार तलाव १८६० मध्यें व तुळशी १८७९ मध्यें बेटावरच बांधले, परंतु ते लौकरच अपुरे पडले. १८९२ पासून तानसेचें पाणी खाडीपलीकडून आणावें लागलें. मागून वैतरणा व भातसा आल्या. आज मुंबईच्या पाण्याचा फार मोठा भाग साष्टीबाहेरून येतो. भातसेचें पाणी पिसे येथें उचलतात आणि पांजरापूरला शुद्ध करतात; हीं दोन्ही स्थळें आमच्या भिवंडी तालुक्यांतलीं.

तेव्हां या बेटाचा शेजारी म्हणजे आपणच, खाडीअलीकडचे. पण तानसा व भातसा हीं धरणें ज्या शहापूर तालुक्यांत आहेत, तेथल्या कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखांत बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत बसतात. शेजारधर्माचा करार या बाजूस कोणी केलेला नाहीं.