ठिणगीची निवड

‘घरगुती’ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें लोणचीं, मसाले, फार तर साबण येतात. घरगुती जेट इंजिन असें कोणी म्हणाला, तर ऐकणारा प्रथम हंसतो व मग बोलणाराच्या प्रकृतीची चौकशी करतो. पण अशीं इंजिनें करणारे लोक जगांत पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकीं एक माझ्या बहिणीच्या पोटीं जन्मास आला आहे. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत असलेल्या या गृहस्थानें गेल्या दिवाळीपासून घरामागच्या पत्र्याच्या खोलींत ‘पल्सजेट’ करावयास घेतलें. एका टोकाला पोलादी पात्यांच्या झडपा आणि दुसऱ्या टोकाला लांब शेपटी असलेली एक नळी, एवढाच काय तो त्याचा संसार. १९४४ सालीं जर्मनीनें लंडनवर जे उडते बाँब सोडले, त्यांच्या पाठीवर याच जातीचें इंजिन होतें. त्यांत सेकंदाला सुमारें ४५ स्फोट होत, आणि तो घरघराट थांबला कीं खालचे लोक जीव मुठींत धरीत. कारण त्यानंतर बाँब कोसळावयाचा असे.

नळी तयार झाली आणि प्रश्न उरला तो ठिणगीचा. माझीं तीस वर्षें पदार्थविज्ञान शिकविण्यांत गेलेलीं असल्यामुळें बहिणीनें मला निरोप धाडला : “दादा, एकदां येऊन बघून जा.” तिच्या निरोपांत ‘बघून जा’ याचा अर्थ ‘थांबव’ असा असतो, हें मला पन्नास वर्षांच्या अनुभवानें ठाऊक आहे.

मीं जाऊन पाहिलें तों टेबलावर बिघडलेल्या मायक्रोवेव्ह भट्टींतून काढलेला एक जड ट्रान्सफॉर्मर बसलेला. फुकट मिळालेली वस्तु, आणि तीही भारदस्त. तरुण मनाला आणखी काय हवें? मीं तो उचलला आणि मुकाट्यानें माझ्या पिशवींत घातला.

“मामा, दोन हजार व्होल्टच तर आहेत,” भाचा म्हणाला. “मोटारीच्या कॉईलमध्यें वीस हजार असतात, तिला तुम्ही कांहीं म्हणत नाहीं!”

हा युक्तिवाद दिसतो तितका पोरकट नाहीं. चांगलीं शिकलेलीं माणसेंही व्होल्टांचा आंकडा वाचून धोक्याचें माप ठरवितात. पण मोटारीची कॉईल आपले वीस हजार व्होल्ट देते ते सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या अवकाशांत, आणि त्यांतली एकूण शक्ति जूलच्या कांहीं शतांश. तो झटकाही सुखाचा नव्हे. ज्याचें हृदय दुबळें आहे त्यानें तिच्या वाटेस जाऊंच नये. उलट हा ट्रान्सफॉर्मर घरांतल्या विजेला जोडलेला. त्याचा प्रवाह माणसाचें हृदय बंद पाडण्यास लागतो त्याच्या कितीतरी पट, आणि तो एकदां धरल्यावर सोडीत नाहीं. गंमत अशी कीं इतकें करून त्याच्या हातून ठिणगीही पडावयाची नाहीं. नेहमींच्या हवेंत एक मिलिमीटरची फट ओलांडावयास सुमारें तीन-चार हजार व्होल्ट लागतात. म्हणजे माणूस मारण्यास समर्थ आणि गॅस पेटविण्यास असमर्थ असें तें यंत्र.

निऑनच्या पाट्यांचा ट्रान्सफॉर्मर त्याच्या यादींत दुसरा होता. त्याच्या टोकांवर दहा-पंधरा हजार व्होल्टांची ज्योत अखंड नाचते, दिसावयास मोठी देखणी. पण तोही भिंतींतल्या विजेवरच जगतो, म्हणून मीं तोही खोडला. मग भाचा दुसऱ्या टोकाला गेला व स्वयंपाकघरांतला गॅसचा लायटर घेऊन आला. दाब पडला कीं कांहीं स्फटिकांत वीज उत्पन्न होते, हें क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें. त्या शोधाचें आपल्या ओट्यापर्यंत आलेलें हें रूप. तो निरुपद्रवी आहे, आणि योग्य प्रमाणांत मिसळलेल्या स्तब्ध गॅसला त्याची ठिणगीही पुरते, कारण तेथें जूलच्या हजाराव्या भागाचा चतुर्थांश देखील पुरेसा होतो. पण इंजिनांत ब्लोअरनें हवा कोंबलेली असते. ज्वालेचा अंकुर फुटतो न फुटतो तों वाऱ्यानें विझतो. शिवाय लायटर एका दाबास एकच ठिणगी देतो. गॅस सोडून आपण ‘टिक, टिक’ करीत बसावें, तोंवर नळी गॅसनें भरावी आणि पांचव्या टिकेला सारा सांठा एकदम पेटावा! घरगुती इंजिनें फुटतात तीं बहुधा चालतांना नव्हेत, सुरू करतांना.

म्हणून ठिणगी आधीं आणि गॅस मागून, हा क्रम. तो पाळावयाचा तर ठिणग्यांची अखंड माळ हवी, आणि ती बॅटरीवर चालणारी हवी. येथें जुन्या लोकांची आठवण येते. पॅरिसमध्यें राहून उपकरणें करणाऱ्या रूमकॉर्फनें १८५१ सालीं प्रवाह आपोआप तोडणारी व जोडणारी कॉईल सिद्ध केली. १८६४ सालीं तिसऱ्या नेपोलियननें तिच्यासाठीं त्याला ५०,००० फ्रँकांचें पारितोषिक दिलें. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारींत अशाच गुणगुणणाऱ्या चार पेट्या असत, दर सिलिंडरला एक. आणि पुढें मोटारी मोडींत गेल्यावर अमेरिकेंतल्या हौशी मंडळींनीं त्याच पेट्यांवर आपलीं छोटीं पल्सजेटें सुरू केलीं.

आम्हीं जुन्या बाजारांतून मोटारीची एक साधी कॉईल आणली, एक रिले स्वतःचाच प्रवाह तोडील असा जोडला, त्याच्या टोकांवर कंडेन्सर बसविला आणि बारा व्होल्टांची बॅटरी लावली. भाचा थोडा खट्टू झाला होता. पेट्रोलच्या इंजिनांत मिश्रण दाबलेलें असतें म्हणून ठिणगीला अधिक व्होल्ट लागतात. आपल्या नळींत आरंभीं बाहेरच्या हवेइतकाच दाब, तेव्हां ही कॉईलसुद्धां आपल्याला जास्तच आहे, असें मीं त्याला सांगितलें. त्यानें तो खट्टूच राहिला. ठिणगी जोराची हवी, ही तरुणांची हौस. प्लग कोठें बसवावा याचा विचार करण्यांत मात्र त्याला रस वाटला, आणि वाऱ्याच्या मुख्य झोतापासून बाजूला, मंद भोंवऱ्याची जागा त्यानेंच शोधून काढली. माझ्या मतें निम्मी निवड तेथें झाली.

गांवाबाहेरच्या एका शेतांत वाळूच्या पोत्यांमागें आम्हीं बसलों. आग विझविण्याचें नळकांडें माझ्याकडे, चाव्या त्याच्याकडे, आणि कानांवर पदर घेऊन बहीण बरीच मागें. प्रथम रिले गुणगुणूं लागला, मग ब्लोअर, मग गॅस. दोनदां नुसतें भसकन् झालें. तिसऱ्या खेपेस नळीनें असा कांहीं सूर धरला कीं पोत्यांतली वाळू थरथरली, शेपटी तांबडी झाली. मीं खूण केली. भाच्यानें आधीं ब्लोअर आणि मग बॅटरी तोडली. कॉईल मेली, आणि इंजिन होतें तसेंच गर्जत राहिलें. मागच्या स्फोटाचा उरलेला जाळ पुढच्यास पेटवीत होता.

बहीण पुढें येऊन माझ्या कानाशीं ओरडली, “बंद केलें ना त्यानें? मग हें अजून कां कोकलतें आहे?”

भाच्याला तें ऐकूं गेलें नाहीं. त्याचा हात गॅसच्या चावीवर होता, आणि तो ती फिरवावयाचें लांबवीत होता.