पिशीमांची चूल

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे आम्हांला मुलांच्या शाळेची चिंता वाटे, सामान शाबूत पोहोचेल की नाही याची वाटे. पण घरात पहिला प्रश्न निघे तो निराळाच. "तिकडे आपल्यासारखं मिळतं का?" या 'आपल्यासारखं'चा अर्थ कोणी कधी फोडून सांगितला नाही. गोडा मसाला, तुरीची डाळ, आंबेमोहोर तांदूळ ही त्याची वरवरची अंगे. आतली गोष्ट अशी, की आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासमच्छी शिजली नव्हती, आणि ती शिजली नाही यात आपले काही विशेष कर्तृत्व आहे अशी आमची प्रामाणिक समजूत होती. परप्रांतात नोकरी केलेल्या वाचकांपैकी पुष्कळांची ही समजूत कुठे ना कुठे ढिली झाली असेल. आमची झाली ती कलकत्त्यास.

१९७४ साली आम्ही तेथे रुजू झालो. भवानीपुरात एका दुमजली घराचा तळमजला भाड्याने मिळाला. वर मालकांचे बिऱ्हाड. बारिसालकडचे ब्राह्मण कुटुंब, फाळणीनंतर इकडे आलेले. पहिल्याच रविवारी बाबूंनी जेवायला बोलावले. आम्ही हात जोडून म्हणालो, "आम्ही मासे खात नाही." बाबूंचा चेहरा एकदम गंभीर झाला. आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "गावाकडून काही वाईट बातमी आली का?"

आम्हांला अर्थच कळेना. मागाहून उलगडा झाला. बंगालात घरी मृत्यू घडला की अशौच फिटेपर्यंत मासा वर्ज्य. श्राद्ध उरकले म्हणजे आप्तेष्टांना बोलावून मासा वाढतात. त्याला 'मत्स्यमुख' म्हणतात आणि 'नियमभंग' असेही म्हणतात. नियम मोडण्याचासुद्धा जेथे रीतसर विधी आहे, त्या प्रांतात आम्ही जन्मभराचे सुतकी ठरलो होतो! सौभाग्यवतींची स्थिती तर आमच्याहून अवघड. सधवेने मासा खाणे हे तिकडे सौभाग्याचे लक्षण. लग्नात हळदीच्या भेटीबरोबर मोठा रोहू माशालाच नवरीसारखा नटवून पाठवतात. तेव्हा धडधाकट नवरा असलेली बाई माशाला शिवत नाही, हे ऐकून शेजारच्या बायकांनी आमच्याकडे ज्या करुणेने पाहिले, ती करुणा आम्ही अद्याप विसरलो नाही. आमच्या आयुष्याची त्यांना खरोखरच काळजी वाटली असावी.

"पण तुम्ही ब्राह्मण ना?" असे आम्ही एकदा बाबूंना विचारलेच. विचारण्यात थोडा खवचटपणा होता, हे कबूल करतो. बाबू कायदा शिकलेले. त्यांनी शांतपणे भवदेव भट्टाचे नाव घेतले. अकराव्या शतकाच्या सुमाराचा हा बंगाली स्मृतिकार. आपल्या 'प्रायश्चित्तप्रकरणा'त त्याने मत्स्याहाराला दोष नाही असा निर्वाळा देऊन ठेवला आहे. आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमच्याकडे भवदेव नव्हता आणि त्यांच्याकडे आमची आजी नव्हती, एवढाच काय तो फरक. सारस्वतांचे उदाहरण घरचेच होते, पण त्यांच्याविषयीही आमच्या आळीत काय बोलले जाई ते येथे लिहिण्याजोगे नाही. कालीपूजेला 'निरामिष मांस' नावाचा पदार्थ होतो हे कळले, तेव्हा तर आम्ही वाद घालण्याचे सोडूनच दिले. देवीला दिलेल्या बोकडाचे मांस, पण कांदालसणाशिवाय आले-जिऱ्यात शिजवलेले. म्हणून ते निरामिष! बाबू वर हसून म्हणाले, "बर्गी लोकांना हे नाही कळायचं." १७४२ पासून नऊदहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या घोडेस्वारांनी बंगालात जे केले त्याची आठवण तेथे आईच्या अंगाईपर्यंत पोहोचलेली आहे. त्यावर आम्ही काय बोलणार? २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीत पंधरा वर्षांवरील माणसांपैकी शाकाहारी किती ते मोजले होते. महाराष्ट्रात शंभरात सुमारे चाळीस भरले. बंगालात दोनदेखील नव्हते. म्हणजे महाराष्ट्रातही आम्ही बहुसंख्य नव्हतो. ते आम्हांला त्या वेळी ठाऊक नव्हते, कारण ज्यांच्या पंक्तीला कधी बसलो नाही त्यांना आम्ही मोजलेच नव्हते.

असो. आमंत्रणाचा पेच सुटला तो असा. बाबू थोडा विचार करून म्हणाले, "मग तुमचं पान पिशीमांच्या चुलीवर."

पिशीमा म्हणजे आत्या. बाबूंच्या वडिलांची धाकटी बहीण. अकराव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी वैधव्य, तेव्हापासून माहेरी. वय पासष्टीचे. अंगावर बिनकाठाचे पांढरे थान. गच्चीवर पत्र्याच्या छपराखाली तिची निराळी चूल होती. चूल म्हणजे बादलीला आतून माती लिंपून केलेली कोळशाची शेगडी. भांडी निराळी, पाटावरवंटा निराळा, पाण्याची कळशी निराळी. खालच्या स्वयंपाकघरातला चमचासुद्धा त्या छपराखाली येत नसे. बाकीचे घर उकड्या तांदळाचा भात खाई. पिशीमांचा भात आतप तांदळाचा, दिवसातून एकदाच. कांदा नाही, लसूण नाही, मसुरीची डाळदेखील नाही, कारण मसूरही आमिषात गणलेली. आणि त्या चुलीवर काय शिजत असे! कारली, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा आणि सांडगे घालून केलेले दुधाळ, किंचित कडू शुक्तो; खसखशीच्या वाटणातला दोडका; हरभऱ्याच्या डाळीच्या वड्यांचा 'धोकार डालना', ज्याच्या नावातच फसवणूक आहे; आणि कोवळ्या फणसाची भाजी, जिला तिकडचे लोक 'गाछपाठा' म्हणजे झाडावरचा बोकड म्हणतात. दुधी सोलला तर त्याच्या साली फुकट जात नसत. त्यांचीही खसखस लावून भाजी होई. आम्ही हात चाटून जेवलो. पुढे दर पंधरवड्याला काही ना काही निमित्त काढून जेवत राहिलो. कार्यालयातील मराठी मित्रांना आम्ही अभिमानाने सांगत असू, की खरे बंगाली जेवण शाकाहारीच आहे, फक्त ते बंगाल्यांना ठाऊक नाही.

दुसऱ्या वर्षी आमची स्वतःची आत्या कोकणातून आमच्याकडे राहायला आली. वय सत्तरीचे, सोळाव्या वर्षी विधवा झालेली, डोक्यावरून तांबडे आलवण. तिला आणण्याचे धाडस आम्ही केले ते केवळ गच्चीवरच्या त्या चुलीच्या भरवशावर. एक पांढऱ्या थानातली, एक तांबड्या आलवणातली. एकीला मराठीचा गंध नाही, दुसरीला बंगालीचा. पहिल्या दिवशी दोघी एकमेकींकडे नुसत्या पाहत बसल्या. दुसऱ्या दिवशी पिशीमांनी केळफूल काढले. हाताला तेल चोळून एकेक फूल उकलायचे, त्यातला ताठ दांडा आणि पारदर्शक पापुद्रा काढून टाकायचा. तो राहिला तर भाजी चोथ्यासारखी लागते. आमच्या आत्याने न विचारता तेलाचे बोट घेतले आणि निम्मे केळफूल आपल्याकडे ओढले. कोकणात हेच काम तिने पन्नास वर्षे केले होते. त्या दिवसापासून दुपार गच्चीवर जाऊ लागली. दोघी आपापल्या भाषेत बोलत आणि आमच्या कल्पनेपेक्षा फार पुढचे बोलत असाव्यात.

एकच गोष्ट आत्याला पटेना. आमच्याकडे एकादशी म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, रताळ्याचा कीस. 'एकादशी अन्‌ दुप्पट खाशी' ही म्हण उगीच पडलेली नाही. बंगालातल्या विधवेची एकादशी मात्र निर्जळी. वैशाखातल्या उन्हात, पासष्टाव्या वर्षी, पाण्याचा थेंब नाही. पहिल्या एकादशीला आत्या खिचडीची ताटली घेऊन गच्चीवर गेली आणि तशीच परत आली. पुढल्या एकादशीपासून तिने साबुदाणा भिजवला नाही. आम्ही आग्रह केला तेव्हा म्हणाली, "वर ती तशी बसली असताना माझ्या घशाखाली उतरत नाही रे."

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आम्ही ते वाक्य बोललो. खाली इलिश तळला जात होता. इलिश म्हणजे आपला पाला मासा. त्याच्या तेलाचा वास जिन्यावरून गच्चीपर्यंत चढला होता. आम्ही पिशीमांच्या पुढ्यात जेवत होतो. मोडक्या बंगालीत म्हणालो, "पिशीमा, तुमच्या हातचं जेवल्यावर मासे खावेत असं कुणाला वाटेल?"

पिशीमा हसल्या. वरवंटा थांबवून म्हणाल्या, "मला वाटतं."

मग त्यांनी सांगितले, तेही अगदी साधेपणाने. बारिसालला घरामागेच नदी. वडील पहाटे घाटावरून इलिश आणत आणि त्यातला गाभोळीचा तुकडा धाकट्या मुलीचा. चौदाव्या वर्षी एका सकाळी तो तुकडा पानात आला नाही. वडील त्या दिवसापासून तिच्यासमोर जेवायला बसेनासे झाले. घरात तिचीही एक विधवा आत्या होती. तिने हाताला धरून दुसऱ्या चुलीपाशी नेले आणि साली कशा शिजवायच्या ते शिकवले. "जिच्या पानात काहीच येत नाही, तिला साल गोड करून घ्यावी लागते," पिशीमा म्हणाल्या. आणि मग आम्हांला विचारले, "तुम्ही कधी चाखलाच नाहीत? मग तुम्ही सोडलंत तरी काय?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीने विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला; पुण्यात धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी लग्न करून दाखवले. हे सारे आम्ही शाळेत पाठ केले होते. कायद्याने लग्नाची वाट मोकळी झाली, ताट मात्र होते तसेच राहिले. बालविवाहाला बंदी करणारा शारदा कायदा १९२९ चा. तोवर आमच्या गच्चीवरच्या दोघींचे सर्व होऊन गेले होते. आमच्या आत्याचे केस गेले, कुंकू गेले. अन्नात मात्र फारसे काही गेले नाही, कारण मासे घरात कोणीच खात नव्हते. पिशीमांच्या बाबतीत घरभर शिजणारी वस्तू एकीपुरती थांबली. आणि त्या थांबण्यातून जी पाककला निघाली तिच्यावर आम्ही पंधरवड्याला ताव मारत होतो आणि तिला आपल्या शुद्धतेचे प्रशस्तिपत्र समजत होतो. आता ही रूढी बंगालातही पुष्कळ सैल झाली आहे आणि शुक्तो, मोचार घंट मोठ्या हॉटेलांच्या यादीत आले आहेत. तेथे ते मागवताना आमचा हात अजून अडखळतो.

१९७८ च्या सप्टेंबरात कलकत्त्याला मोठा पूर आला. त्यानंतर पिशीमांना विषमज्वर झाला. ताप उतरला, पण अंगात त्राण उरले नाही. डॉक्टरांनी मागूर माशाचा पातळ रस्सा द्यायला सांगितले. आजाऱ्याला तिकडे तोच देतात. बाबूंनी पाय धरले, सुनांनी विनवले. पिशीमा तोंड फिरवून पडून राहिल्या. पंचावन्न वर्षे ज्यांनी मासा पानाजवळ येऊ दिला नाही, त्याच घराने आता वाटी पुढे करावी, याचा त्यांना राग आला असेल काय? आम्हांला तसे वाटले. शेवटी बाबू खाली येऊन आम्हांला म्हणाले, "तुमच्या आत्याचं त्या ऐकतील."

आम्ही गप्प बसलो. मासा खा असे सांगायला आमच्या आत्येने जावे, हे आमच्या तोंडून निघेना. आत्या माजघरात वाती वळत होती. तिने विचारले, "काय म्हणतोय तो?" आम्ही सांगितले. ती उठली, बाबूंच्या मागोमाग वर गेली आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून हात पुढे केला. सुनेने बिचकत वाटी दिली. जिने कांद्याच्या टोपलीला कधी हात लावला नव्हता, ती मागूरच्या रश्शाची वाटी पदराखाली धरून गच्चीचा जिना चढली आणि तिने दार लावून घेतले.

अर्ध्या तासाने ती उतरली. वाटी रिकामी होती. "घासायला टाका," एवढेच म्हणाली आणि थंड पाण्याने आंघोळ करून जपाला बसली. पुढे आठ दिवस हाच क्रम चालला. गच्चीवर मांजरे पुष्कळ होती, कावळेही होते. पिशीमा महिन्याभरात उठून बसू लागल्या, ही गोष्ट खरी. पण त्या औषधाने की रश्श्याने, हे बाबूंनी विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही. बऱ्या झाल्यावर त्यांनी आतप तांदळाचा भात आपल्याच चुलीवर चढवला. त्यानंतरच्या एकादशीला मात्र गच्चीवर दोघींनी मिळून शहाळ्याचे पाणी घेतले, असे आमची धाकटी सांगत आली.

१९७९ साली आमची बदली अहमदाबादला झाली. घर पाहायला गेलो तेव्हा आत्या बरोबर होती. मालकांनी भाडे, वीज, पाणी सर्व सांगून झाल्यावर दाराशी थांबून विचारले, "घरात कोणी मासमच्छी खाणारं तर नाही ना?" आम्ही सवयीने "छे, छे" म्हणालो. मालकांची नजर आत्याच्या आलवणावर गेली, त्यांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "अशी वडीलधारी माणसं घरात असली म्हणजे विचारायलाच नको."

आत्याने पिण्याचे पाणी मागितले.