दान आणि देखभाल

बाभुळगावच्या आमच्या वाड्यांतील तांब्यापितळेचीं जुनीं भांडीं मोडींत घालावीं, कीं एका खोलींत मांडून लोकांस दाखवावीं, हा वाद घरीं चालूं असतांच आमचें पुण्यास जाणें झालें. तेथें राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलें. दिनकर गंगाधर केळकरांनीं आयुष्यभर जमविलेला, अकालीं गेलेल्या पुत्राचें नांव धारण करणारा हा संग्रह त्यांनीं १९७५ सालीं महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. दिवे, अडकित्ते पाहून नेत्र निवाले. परंतु मन हिशेबांत गुंतलें. वस्तु एकवार मिळते. पहारेकरी, दिवाबत्ती, वाळवीपासून रक्षण हें दरसाल मागतें. प्रेक्षक न आले त्या महिन्यांत तिकिटांवर काय भागणार? परततांच आम्हीं ठरविलें: खोली मागाहून, प्रथम कापसाच्या उत्पन्नांतून वार्षिक रक्कम बाजूस काढावी.