हसण्याची हजेरी

इंग्रज मनुष्य आपली हवा, आपली आगगाडी आणि आपला क्रिकेटचा संघ यांच्याविषयी दिवसभर निंदेच्या सुरात बोलत असतो, आणि त्या निंदेला एखाद्या परक्याने भाबडेपणाने मान डोलावली की मात्र त्याच्या कपाळावर एक सूक्ष्म आठी उमटते, हा अनुभव या स्तंभाच्या वाचकांना नवा नाही. आठी मावळल्यानंतर जे वाक्य येते तेही ठरलेले असते: आम्हांला स्वतःवर हसता येते. आमच्या कचेरीतील एका वयोवृद्ध सद्गृहस्थांनी गेल्या पंधरवड्यात हे वाक्य चहा घेता घेता मला पुन्हा ऐकविले, आणि पुरावा म्हणून 'एक्स्ट्राज' या दूरचित्रवाणी-मालिकेचा दाखला देऊन, तुमच्या मुंबईतील एखादा बडा नट स्वतःची अशी फटफजिती करून घ्यावयास राजी होईल काय, असा सवालही टाकला. सवाल अत्यंत सौजन्याने विचारलेला होता आणि म्हणूनच तो अधिक बोचला. तेव्हा जबाब देण्यापूर्वी कपाटातल्या तबकड्या काढून ती मालिका आरंभापासून अखेरपर्यंत पुन्हा पाहणे मला भाग पडले.

'द ऑफिस'मुळे कीर्ती पावलेल्या रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट या जोडीने लिहिलेली व दिग्दर्शिलेली ही मालिका बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर 2005 च्या जुलैत सुरू झाली, दुसरा हप्ता 2006 साली आला, आणि 2007 च्या नाताळात एक लांबलचक अखेरचा भाग दाखवून लेखकांनी कारभार आटोपता घेतला. म्हणजे सारे मिळून बारा भाग आणि वर तो एक. बँकेतली नोकरी सोडून नट होण्यास निघालेला, चाळिशी उलटलेला अँडी मिलमन हा चित्रपटांतून गर्दीत उभा राहणारा इसम. त्याच्याइतकीच निर्धन पण त्याच्याहून पुष्कळ निर्मळ अशी मॅगी ही त्याची मैत्रीण. आणि डॅरेन लॅम्ब नावाचा एक दलाल, ज्याची आपल्या अशिलास काम मिळवून देण्याची शक्ती जवळजवळ शून्य आहे. त्या दलालाचा दुसरा अशील म्हणजे शॉन विल्यमसन हा खराखुरा नट, ज्याने 'ईस्टएंडर्स' या मालिकेत बॅरी नावाची भूमिका अनेक वर्षे केली. मालिकेत त्याला जो तो बॅरी म्हणूनच हाक मारतो, त्याचा दलालदेखील, आणि तो बिचारा ओ देतो.

परंतु मालिकेचा बोलबाला झाला तो प्रत्येक भागात येणाऱ्या बड्या पाहुण्यांमुळे. हे पाहुणे स्वतःच्याच नावाने येतात आणि स्वतःचे एक विकृत रूप रंगवितात. केट विन्स्लेट ख्रिस्ती जोगिणीच्या वेषात, दोन प्रसंगांच्या मधल्या वेळी, अगदी घरगुती स्वरात सांगते की नाझींच्या छळाच्या विषयावर चित्रपट केला की ऑस्कर हमखास मिळते. आणि 2009 साली तिला ऑस्कर मिळाले ते 'द रीडर'मधील छळछावणीच्या पहारेकरणीच्या भूमिकेबद्दलच. सर पॅट्रिक स्टुअर्ट आपण लिहीत असलेल्या एका कथेचा सारांश ऐकवितात, आणि तीत मनःशक्तीने साऱ्या जगावर हुकमत चालविणाऱ्या नायकासमोर बायकांची वस्त्रे आपोआप गळून पडतात, यापलीकडे काहीही घडत नाही. ते हे ज्या गांभीर्याने सांगतात ते केवळ शेक्सपिअरवर पोसलेल्या नटालाच साधावे. ही दृश्ये उत्तम आहेत, मी पुन्हा मनसोक्त हसलो. तरीही, ज्याच्या कीर्तीच्या खजिन्यात कोट्यवधी शिल्लक आहे त्याने त्यातील चार नाणी चौकात उधळली, तर त्याला दानशूर म्हणावे की जाहिरातदार, हा प्रश्न विचारणे मला न्याय्य वाटते. विनम्रतेचे हे प्रदर्शन आटोपल्यानंतर केट विन्स्लेट लहान झाली नाही. उलट ती किती दिलदार आहे हेच लोकांनी एकमेकांस सांगितले.

दुसऱ्या हप्त्यात अँडीला जे हवे ते मिळते आणि तेथूनच मालिका धारदार होते. त्याने लिहिलेली विनोदी मालिका बीबीसी स्वीकारते, मग एकेक अधिकारी तीत हात घालतो, आणि शेवटी विगन येथील कारखान्यातील कामगारांवरच्या त्या मालिकेत अँडी केसांचा टोप आणि ओंगळ चश्मा घालून दर दोन मिनिटांनी एकच ठरीव वाक्य उच्चारू लागतो. टीकाकार थुंकतात, प्रेक्षक डोक्यावर घेतात, आणि रस्त्यात भेटलेला प्रत्येक मनुष्य ते वाक्य त्याच्या तोंडावर फेकतो. एका मद्यगृहात तो डेव्हिड बोवीसमोर आपले दुःख उघडे करतो. बोवी क्षणभर विचार करतो, पियानोकडे वळतो आणि स्वतःचे स्वप्न विकून बसलेल्या एका बुटक्या लठ्ठ माणसावर तेथल्या तेथे गाणे रचतो, आणि ध्रुवपद येईपर्यंत सारे मद्यगृह सुरात सूर मिसळून गाऊ लागलेले असते. अँडीचा त्या वेळचा चेहरा पाहण्यासारखा आहे.

येथे एक तांत्रिक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. 'एक्स्ट्राज'मध्ये प्रेक्षकांच्या हसण्याचा आवाज मुळीच नाही. अँडीच्या त्या भिकार मालिकेत मात्र तो प्रत्येक वाक्यामागे उसळतो. कोठे हसावे हे पहिली आपल्यावर सोपविते, दुसरी बजावून सांगते. हे दुसऱ्या जातीचे हसणे तयार कसे होते हे ज्यांना प्रत्यक्ष पाहावयाचे असेल, आणि लंडनला येणाऱ्या पाहुण्यांना कोठे न्यावे या चिंतेत जे असतील, त्यांच्यासाठी थोडी उपयुक्त माहिती देतो, कारण ही करमणूक या महागड्या शहरात पूर्णपणे फुकट आहे.

स्टुडिओतील चित्रीकरणाची तिकिटे संगणकावर अर्ज करून मिळतात. त्यांना दाम पडत नाही, आणि दाम पडत नसल्यामुळे पुष्कळ लोक ऐनवेळी येत नाहीत हे जाणून कंपन्या खुर्च्यांपेक्षा अधिक तिकिटे वाटतात. तेव्हा हातात तिकीट असणे म्हणजे आत जागा असणे असा अर्थ कोणी करू नये. दरवाजा उघडण्याच्या बऱ्याच आधी रांगेत उभे राहावे, ओळखीचा दस्तऐवज जवळ ठेवावा, आणि उन्हाळा असला तरी कोट न्यावा, कारण रांग उघड्यावर असते. स्टुडिओ बोरमवुडचा असेल तर एल्स्ट्री अँड बोरमवुड या स्थानकापासून पायी जाता येते. परतीच्या गाडीची वेळ मात्र आधीच टिपून ठेवावी. अर्ध्या तासाच्या एका भागासाठी तीन-तीन तास बसावे लागते, म्हणून आधी पोटभर खाऊन जाणे श्रेयस्कर. आत गेल्यावर प्रथम एक विदूषकवजा गृहस्थ येऊन आपणांस तापवितो: कोठून आलात, कोणाचे लग्न ठरले आहे, कोणाचे मोडले आहे, अशी विचारपूस करून आणि प्रसंगी गोळ्या-चॉकलेटे उधळून तो सभेला हसण्याची सवय लावतो. मग चित्रीकरण सुरू होते, नट अडखळतो, दृश्य पुन्हा घेतले जाते, आणि तो तापविणारा पुढे होऊन हात जोडून सांगतो की आता हाच विनोद पुन्हा होईल, तो प्रथमच ऐकत असल्याप्रमाणे हसावे. लोक हसतात. मीही हसलो, माझ्या शेजारची वृद्धा तर तिसऱ्या खेपेस पहिल्याहून अधिक हसली, आणि तिने मला कोपराने ढोसून उत्तेजन दिले.

मला त्या वेळी आमच्या संगीत रंगभूमीवरील वन्समोअर आठवला, आणि तो आठवला की मला थांबता येत नाही हे वाचकांनी पूर्वीही सोसलेले आहे. 1916 सालच्या 'स्वयंवरा'त बालगंधर्वांची रुक्मिणी पद संपवून थांबते न थांबते तोच पिटातून गर्जना उठत असे, आणि कृष्ण, भीष्मक व समस्त विदर्भदेश तसाच ताटकळत उभा ठेवून ते पद पुन्हा गायिले जाई, नव्या हरकती घेऊन, नव्या जागा शोधून, कधी दोनदा तर कधी त्याहून अधिक वेळा. नाटक पहाटेपर्यंत लांबले तरी कोणी तक्रार करीत नसे. कथानकाचा त्यात चुराडा होई हे मान्य, आणि नाट्यकलेच्या दृष्टीने तो रिवाज सदोष होता हेही मी कित्येकांच्या तोंडून ऐकले आहे. पण त्या व्यवहारात मालक कोण हे स्पष्ट होते. हुकूम पिटातून सुटे आणि रंगमंचाने तो शिरसावंद्य मानावा लागे. येथे हुकूम रंगमंचावरून सुटतो आणि पिटाने तो बजावावयाचा. आम्ही एका पदास दाद देऊन दुसऱ्यांदा ते मागत होतो, हे स्टुडिओवाले आमच्याकडून आमचीच दाद दुसऱ्यांदा मागून घेतात. शिवाय गर्दीत उभे राहणाऱ्या अँडीला दिवसाचा रोज तरी मिळत असे. आम्ही तीन तास हजेरी भरून, हशा पुरवून, परतीच्या गाडीचे भाडे पदरचे भरले.

असो. सवाल स्वतःवर हसण्याचा होता. त्या सद्गृहस्थांना मी प्रथम हे सांगितले की मुंबईचे नटही यात मागे नाहीत. 2007 च्याच नोव्हेंबरात आलेल्या 'ओम शांती ओम'चा नायक हा असाच गर्दीतला नट आहे, आणि त्यातील पारितोषिक-समारंभात अभिषेक बच्चन व अक्षय कुमार यांनी आपापली टर उडवून घेतली आहे. त्याच चित्रपटात मनोज कुमारांची जी नक्कल केली होती तिला मात्र त्यांनी आक्षेप घेतला, प्रकरण अदालतीपर्यंत गेले, आणि मला त्यात त्यांचा कोतेपणा दिसत नाही. आपण होऊन हसणे आणि दुसऱ्याने परस्पर हसणे यांत भेद आहे.

खरी जोखीम 'एक्स्ट्राज'मध्ये एकाच पाहुण्याने पत्करली असे माझे मत आहे, आणि तो पाहुणा हॉलिवूडचा नाही. लेस डेनिस हा 'फॅमिली फॉर्च्यून्स' नावाच्या घरगुती प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमाचा पंधरा वर्षांचा सूत्रधार. तो कार्यक्रम त्याच्या हातून 2002 साली गेला, त्याच वर्षी, नामवंतांना एका घरात कोंडून दिवसरात्र दाखविणाऱ्या 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'मध्ये त्याचे खचलेले मन सर्वांनी पाहिले, आणि पाठोपाठ विवाहही मोडला. मालिकेत तो गिल्डफर्डच्या नाताळी 'अल्लादीन'मध्ये काम करीत आहे, आणि नाव न सांगता एका साप्ताहिकाला दूरध्वनी करून 'आत्ताच लेस डेनिस दिसले बरे' अशी बातमी तो स्वतःच पुरवीत आहे. हे दृश्य पाहताना हसू येते आणि लगेच लाज वाटते. विन्स्लेटचे त्यात काहीच जाणार नव्हते. याच्याकडे जे थोडे उरले होते तेच त्याने पणाला लावले. पुढे 2014 मध्ये 'कोरोनेशन स्ट्रीट' या मालिकेत त्याला भरीव काम मिळाले हे वाचून मला नातलगाचे बरे झाल्याप्रमाणे आनंद झाला.

अखेरच्या भागात अँडी त्याच 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'च्या घरात शिरतो. हे दाखविले गेले त्या 2007 सालच्या जानेवारीतच, त्या घरात शिल्पा शेट्टीला सहस्पर्धकांनी जी वर्णद्वेषी वागणूक दिली तिच्याविरुद्ध ऑफकॉम या प्रसारण-नियामकाकडे 44 हजारांहून अधिक तक्रारी दाखल झाल्या होत्या, आणि आम्ही येथील सारे हिंदी लोक कचेरीत जाता-येता सांत्वन स्वीकारीत होतो. त्यामुळे अँडी कॅमेऱ्याकडे तोंड करून प्रसिद्धीच्या या साऱ्या बाजारावर जे दीर्घ भाषण करतो, ते आमच्यापैकी पुष्कळांना इंग्रजांपेक्षा अधिक जवळून कळले. ते भाषण लांबले आहे, किंचित उपदेशकीही आहे. त्याहून मोठा युक्तिवाद मॅगी करते, आणि तो एकही शब्द न बोलता: अँडी कीर्तीच्या मागे धावत असता ती गर्दीत उभे राहण्याचे काम सोडून झाडलोट आणि भांडी घासण्यावर आली आहे, आणि एका कोंदट खोलीत बसून ती त्याला पडद्यावर पाहत आहे.

मी हे सारे ऐकविल्यावर सद्गृहस्थ म्हणाले की लेस डेनिसचा भाग त्यांनी पाहिलेलाच नाही. वाचकांपैकी ज्यांना पूर्ण मालिकेला सवड नसेल त्यांनी पहिल्या हप्त्यातला तो चौथा भाग आणि नाताळचा अखेरचा भाग एवढे दोन अवश्य पाहावेत. बडे पाहुणे राहून गेले तरी चालतील, बोवीचा अपवाद करून.