सासनकाठीचा तोल

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे १८ किलोमीटरांवर वाडी रत्नागिरीचा डोंगर उभा आहे. रत्नासुराच्या जाचाने गांजलेल्या लोकांच्या हाकेला ओ देऊन जोतिबा येथे आला. त्याने असुराचा वध केला आणि असुराचे नाव तेवढे डोंगराला राहिले, अशी कथा आहे. आजचे पाषाणी मंदिर राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये बांधविले. दगडांचे वय असे सांगता येते. कथेचे वय कोणी मोजावे?

चैत्री पौर्णिमेला हा डोंगर गुलालाने न्हाऊन निघतो. सातारा जिल्ह्यातील पाडळीची सासनकाठी पहिल्या मानाची. तिच्यामागे गावोगावच्या काठ्या डुलत येतात. सासनकाठी म्हणजे वस्त्रांनी सजविलेला, घरांवरून डोकावणारा उंच वेळू. एक जण ती पेलून नाचतो. बाकीचे चहूंकडून दोर धरतात. हलगी कडाडते आणि पावले आपोआप तिच्या ठेक्यात पडू लागतात.

अशा गर्दीत एखाद्या तरुणाच्या हाती प्रथमच काठी येते. उत्साहाच्या भरात त्याचा ठेका चुकतो. काठी कलते, खाली बायकापोरे उभी असतात. क्षणभर साऱ्यांचे श्वास रोखले जातात. तोच मागचा एक वृद्ध दोन पावले सरतो, आपला दोर ताणतो. हलगीवाला त्या तरुणाकडे पाहत ठेका संथ करतो. काठी पुन्हा सरळ होते. ‘चांगभलं!’ असा गजर उठतो. सर्वांची दृष्टी काठीच्या शेंड्याकडे असते. दोर धरणाऱ्याच्या सोललेल्या तळव्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

इंग्लंडमधील ग्लास्टनबरी हे गावही असेच दंतकथांचे. राजा आर्थरची कबर सापडल्याचे तेथील मठवासीयांनी ११९१ मध्ये जाहीर केले. इतिहासकारांना ते मान्य नाही. तरी कथा टिकली. त्या गावाजवळच्या पिल्टन येथील एका शेतावर १९७० पासून मोठा संगीतमहोत्सव भरू लागला. तेथे कथा आणि संगीत शेजारी शेजारी नांदतात; जोतिबाच्या डोंगरावर कथा संगीताच्याच खांद्यावर बसून येते.

२०२० आणि २०२१ या वर्षी महामारीमुळे दोन्ही ठिकाणचे मेळे भरले नाहीत. डोंगर होता, मंदिर होते, पोथीतील कथाही होती. परंतु काठ्या गावातच राहिल्या आणि चैत्री पौर्णिमा मुकी गेली. २०२२ मध्ये हलगी पुन्हा वाजली, तेव्हा अनेक वृद्धांचे डोळे भरून आले.

कथा खरी की खोटी, हा वाद विद्वानांनी घालावा. ज्याने दोर घट्ट धरला आहे, त्याला त्या वेळी एवढेच ठाऊक असते, की आपला हात सैल पडता कामा नये.