मूठभर कापूस

गेल्या हिवाळ्यात आमची कापसाची गाडी वर्धा जिल्ह्यातल्या एका जिनिंगवरून परत आली. वरची एकच मूठ तपासली, ओलावा 13. हमीभावाच्या खरेदीत 12 पर्यंतच चालतो. पहाटेच्या दवाने वरचा थर भिजला होता, एवढेच! खरे तर वजनासाठी पाणी मारणारेही आपल्यातच आहेत. सूरह मुतफ्फिफीन आपण त्यांनाही ऐकवावी.

संख्याशास्त्रात आधी ‘माल चांगला’ असे गृहीत धरतात, तीच शून्य परिकल्पना. भक्कम पुराव्याशिवाय ती मोडत नाहीत. चांगला माल नाकारणे ही एक चूक, ओला स्वीकारणे ही दुसरी. एका मुठीत दोन्हींचा धोका.

दुसऱ्या जिनिंगवर अब्बांनी पाच जागांचे नमुने घ्यायला लावले : 13, 10, 9, 10, 9. सरासरी 10.2. गाडी उतरली.